घरातलं बेसिल सारखं आडवं होतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

खिडकीशी कुंडीत बेसिल (पिझ्झा-पास्त्यात घालतात ती तुळशीच्या जातीची वनस्पती) लावलं आहे. पानं हिरवीगार आहेत, वासही छान येतो, पण खोडं बारीक आणि लांब होऊन काचेकडे झुकतात आणि शेवटी कुंडीच्या काठावरून लोंबायला लागतात. पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर बरंच वाढलंय, म्हणजे उजेड कमी पडतोय हे उघड आहे. बेसिलला रोज साधारण ६ तास तरी थेट ऊन लागतं. माझ्याकडे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि लवकरच सरकतं. कुंडी फिरवत राहते, त्याने एकाच बाजूला झुकणं कमी झालं, पण खोडं काही जाड होत नाहीत.

म्हणून एलईडी ग्रो लाइट, म्हणजे रोपांना उन्हाऐवजी उजेड देणारा दिवा, घ्यायचा विचार आहे. तुम्ही तो रोपापासून किती उंचीवर टांगता आणि किती तास चालू ठेवता?

दुसरं, शेंडे खुडण्याबद्दल. पानांच्या जोडीच्या जरा वर खुडलं की खालून दोन फांद्या फुटतात आणि रोप भरतं. पण आत्ता ते एवढं अशक्त असताना खुडावं, की आधी उजेड वाढवून सावरू द्यावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे.

पाणी वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच देते, बशीत साचू देत नाही. कुंडीत रोपांची दाटी मात्र आहे. ती आता वेगळी केली तर मुळं धक्का सोसतील का?

काडीचा आधार तात्पुरता ठीक, पण रोप स्वतःच्या खोडावर उभं राहावं अशी फार इच्छा आहे. ज्यांचं घरातलं बेसिल असं सावरलं, त्यांनी नक्की सांगा.