टोपीचा स्कार्फ आणि मिळेल ती लोकर : तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
परभणीत थंडी पडली की कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात येतोच. काल स्टँडवर एका बाईच्या कडेवर कुंचीतलं बाळ दिसलं आणि आईचा क्रोशा आठवला. नमुन्यात जाड लोकर लिहिलेली असायची, आमच्या बाजारात मिळायची बारीक ॲक्रिलिक. आई दोन धागे एकत्र धरून विणायची. बाबा रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला जायचे. खांद्यावर फावडं असलं की मफलर कानावरून सरकायचा, म्हणून तिनं मफलरलाच टोपी जोडली. राखाडी लोकर पुरली नाही, मागची शिवण मेंदी रंगाची आहे. काठाला उलट्या मुक्या खांबांची (म्हणजे उलट्या दिशेनं विणलेल्या आखूड टाक्यांची) ओळ, बोटाखाली दोरीसारखी लागते. अजून आहे माझ्याकडे. बाबा नाहीत.
सांगितलेली लोकर नसताना तुम्ही काय वापरलं?

तेरणा
ताई, वाचून डोळे भरले.
नवीन विणणाऱ्यांसाठी सांगते, वजनावर जाऊ नका, लेबलवरची लांबी बघा. 100 ग्रॅमला 400 मीटर भरणारा धागा दुहेरी केला की 100 ग्रॅमला 200 मीटरच उरतो. नमुन्यातल्या लोकरीचे मीटर त्याच्या जवळ असले तर घ्या बिनधास्त. आणि 10 सेंमीचा चौकोन विणून टाके मोजल्याशिवाय साखळी, म्हणजे सुरुवातीची ओळ, मांडू नका.

मन्याची आई
दोन धागे एकाच गुंड्याचे घेता येतात, एक आतून एक बाहेरून. घाईत आहे, कुकर लावलाय

सुईदोरा_लातूर
सासूबाईंना लोकर टोचते, म्हणून सुती दोरा. पण सुती जड, शिवाय लोकरीसारखा परत आवळत नाही, टोपी मागं ओढते. मग टोपीपुरती जाळीची वीण घातली आणि पदर भरीव खांबांचे ठेवले. वजन उतरलं. आता सासूबाई देवळातही तोच घालून जातात.

मन्याची आई
काकूंचा फोटो टाका की!

हिंगोलीकर
माझी बायको जुने स्वेटर उसवते. तिचा नियम : बाजूची शिवण उघडून बघायची. तुकडे विणून जोडलेले असतील तर सलग धागा निघतो. कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर हातात नुसते तुकडे. निघालेली लोकर लच्छी करून कोमट पाण्यात भिजवते आणि खाली वजन लावून वाळवते, कुरळेपणा जातो. माझ्या स्कार्फमध्ये पोरीचा शाळेचा स्वेटर आहे. लई ऊब.

माळेगाव_जत्रा
आमचे आजोबा घोंगडीची खोळ करायचे, पाऊस थंडी दोन्हीला. टोपीचा स्कार्फ म्हणजे तेच की! आईनं मेंढीच्या हातकाती लोकरीचा करून दिला, कपाळाला टोचतो म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं.

तेरणा
अस्तर फार छान सुचलं. घरातली ॲक्रिलिक आणि खरी लोकर ओळखायची असेल तर धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. म्हणून शेकोटीजवळ ॲक्रिलिकचे पदर सोडून बसू नका, लेकरांना तर नकोच. इस्त्रीही नको, वीण कायमची चपटी होते.

सुईदोरा_लातूर
हे बरं सांगितलंत. वेळ अमावस्येला सगळे शेतात, चूल पेटलेली, लेकरं भोवती 🙏

हिंगोलीकर
वेळ अमावस्या म्हटलं की भज्जी आणि आंबील. आमच्याकडं नाही ती, लातूरच्या मित्राकडं जातो दरवर्षी.

सुईदोरा_लातूर
या की दादा. भज्जीला ओला हरभरा, तूर, वाल, चिंच, सगळं रानातलंच.

मन्याची आई
आले परत. टोपी केवढी करायची? दोन पोरी आहेत, 6 आणि 11 वर्षं.

गोदाकाठची
वयावरून नको. एका खांद्यापासून डोक्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप सैल फिरवा, ती लांबी. कपाळापासून डोक्याच्या मागच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर, ती रुंदी. दोन्हीत वेणीपुरती चार बोटं जास्त. त्या पट्टीची लांबी अर्ध्यात दुमडून मागची कड शिवा आणि खालची कड मफलरच्या मधोमध जोडा.

मन्याची आई
रात्री मांडते साखळी. रंग दोघींना एकच घेणार, नाहीतर घरात भांडण.