मदत हवी आहे: दलदलीतलं झुडूप आणि लायकेन यांची तुलना कशी करू?

अँड्रोमेडा पोलिफोलिया हे आम्लधर्मी दलदलीत वाढणारं गुलाबी फुलांचं बुटकं झुडूप आणि रेनडिअर लायकेन (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला, दगडफुलाच्या जातकुळीतला जीव) यांची तुलना लिहितोय. फुलं-बिया एकीकडे, बीजाणू दुसरीकडे, हा फरक सोपा. घोडं अडलंय ते बुरशीपाशी. झुडपाच्या मुळांच्या पेशींत बुरशी राहते, नत्र मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. लायकेनमध्ये मात्र मुळं नाहीतच, शरीरच बुरशीचं, साखर बनवणारं शैवाल आत पाहुणं (की कैदी?). लायकेनची वाढ वर्षाला जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर. ही दोन सहजीवनं एकाच तराजूत तोलता येतील का? आणि लायकेनला सरळ 'वनस्पती' म्हटलं तर चूकच ना? जाणकारांनी कृपया सांगा.