लॅपटॉपवर गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ करा आणि सुखाने जगा (चर्चा)

उनाड_टर्मिनल
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसर किती मेगाहर्ट्झवर पळवायचा हे ठरवणारे गव्हर्नर नावाचे कारभारी असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की परफॉर्मन्स (प्रोसेसरला कायम वरच्या वेगाला ठेवणारा) सोडला तर बाकी सगळे नुसते लुडबुडे. काल नवीन इन्टेल लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि स्केलिंग गव्हर्नरची फाइल उघडून बघितली तर आत ‘पॉवरसेव्ह’!! एवढे पैसे मोजून मशीन घ्यायचं आणि यांनी त्याला उपाशी ठेवायचं. लगेच परफॉर्मन्स केला. लॉजिक साधं आहे, काम फटाफट उरकायचं आणि कोअर (प्रोसेसरमधला एकेक काम करणारा भाग) झोपवायचा, झोपलेल्या कोअरचं घड्याळच बंद असतं मग फ्रिक्वेन्सी कितीही ठेवा, काय फरक पडतो. आमची आई कुकर मोठ्या आचेवर लावते, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. तसंच.

सांडगी_मिरची
कुकरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय बघा. आच कुकरच्या बुडाबाहेर गेली की तो गॅस फुकट जातो, शिट्टी काही लवकर होत नाही. प्रोसेसरची पॉवर फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज पण वाढवावं लागतं. समजा फ्रिक्वेन्सी 20 टक्के वाढवली आणि त्यासाठी व्होल्टेज 10 टक्के वाढलं, तर पॉवर झाली 1.2 गुणिले 1.21 म्हणजे साधारण 45 टक्के जास्त. काम लवकर संपलं हे धरूनसुद्धा त्याच कामाला एनर्जी 21 टक्के जास्तच गेली. आणि काम रॅमवर अडकलेलं असेल तर ते लवकर संपणार पण नाही, नळाला पाणी यायच्या आधीच शेगडी पेटवून बसल्यासारखं.
अर्थात अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर रखडत बसणं पण महागच पडतं, कारण तेवढा वेळ चिपमधून विजेची गळती चालू राहते आणि बाकीची चिप जागी ठेवावी लागते. स्वस्त जागा मध्ये कुठेतरी असते, दोन्ही टोकांना नाही.

घाटमाथा
भांडण चालू द्या, पण मूळ तक्रारच चुकीची आहे राव. उनाडभाऊ, तुमच्या लॅपटॉपवर इन्टेल-पीस्टेट ड्रायव्हर (इन्टेलच्या चिपचा वेग सांभाळणारा कर्नलचा भाग) असणार (2013 पासून कर्नलमध्ये आहे), आणि त्याचा पॉवरसेव्ह आणि जुना सर्वसाधारण पॉवरसेव्ह यांचं फक्त नाव सारखं आहे. जुना खरंच प्रोसेसरला सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीला खिळवून ठेवायचा. पीस्टेटचा लोड आला की वर जातो. नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार, दर महिन्याला कोणीतरी नवीन माणूस याच खड्ड्यात पडतो.
त्यात इन्टेलच्या स्कायलेक पिढीच्या चिपपासून पुढे एचडब्ल्यूपी आलं, म्हणजे क्षणाक्षणाचा निर्णय चिप स्वतःच घेते. कर्नल तिला फक्त वरची मर्यादा, खालची मर्यादा आणि ईपीपी नावाचा एक कल सांगतो, वेगाकडे झुक की बचतीकडे.

नुसताच_वाचक
म्हणजे कारभारी नावालाच, निर्णय वाड्यात आतच होतात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

आळशी_कोअर
एचडब्ल्यूपी हीच तर माझी तक्रार आहे. चिपला आतलं तापमान, करंट सगळं कळतं, मान्य, पण पुढे काय काम येणार हे तिला काय माहीत? ते शेड्युलरला, म्हणजे कुठलं काम कधी कुठल्या कोअरवर चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला, माहीत असतं. जुना ऑनडिमांड गव्हर्नर ठरावीक वेळाने डोकावून ‘कोअर किती बिझी होता’ एवढंच बघायचा. 2016 मध्ये कर्नल 4.7 ला शेडयुटिल गव्हर्नर आला तो शेड्युलरकडूनच आकडा घेतो. फॉर्म्युला पण एका ओळीचा, वापराच्या सव्वापट फ्रिक्वेन्सी द्यायची. 3000 मेगाहर्ट्झचा कोअर 60 टक्के वापरात असेल तर 2250, आणि वापर 80 टक्के झाला की थेट टॉपला. अँड्रॉइड फोनमध्ये लहानमोठे कोअर असतात तिथे कुठलं काम कुठल्या कोअरवर स्वस्त पडेल याचा हिशोब कर्नल करतो, तो पण याच गव्हर्नरच्या भरवशावर.

उनाड_टर्मिनल
सव्वापट वगैरे ठीक आहे हो, पण तो वापर मोजायला किती वेळ लागतो ते पण सांगा की! वापर म्हणजे मागच्या काही वेळाची सरासरी, आणि त्या सरासरीचं अर्धआयुष्य 32 मिलिसेकंद आहे. म्हणजे झोपेतून उठून एखादं काम एकदम जोरात सुरू झालं तर 50 टक्क्यांपर्यंत पोचायलाच 32 मिलिसेकंद, 75 ला 64. साध्या 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते, तोवर दोन फ्रेम गेल्या आणि आमचं स्क्रोलिंग अडखळलं. मग वैतागून माणूस परफॉर्मन्स नाही करणार तर काय करणार?

आळशी_कोअर
हे खरंय, पण अर्धंच. 2018 मध्ये कर्नल 4.17 ला अंदाज ठेवायची सोय आली ना, झोपायच्या आधी टास्क (चालू असलेलं काम) किती जोरात पळत होता ते कर्नल लक्षात ठेवतो आणि उठल्यावर शून्यापासून मोजत बसत नाही. डिस्कची वाट बघून उठलेल्या कामाला पण वेगळा धक्का मिळतो. अगदीच नवीन काम असेल तर अडखळेल, ते मान्य.

सांडगी_मिरची
मला लॅपटॉपचं खरं दुखणं वेगळंच वाटतं. मागच्या मे महिन्यात दुपारी कर्नल कंपाईल करत होते, गव्हर्नर परफॉर्मन्सवर, पंखा असा घोंघावत होता की शेजारच्या खोलीतून नवरा विचारतो मिक्सर चालू आहे का. पहिले काही सेकंद 4 गिगाहर्ट्झच्या वर आकडे, मग तापमानाने मान पकडली आणि आकडा 2.5 च्या आसपास येऊन बसला. पॉवरसेव्हवर परत केलं तर शेवटी तिथेच येऊन थांबला. सगळे कोअर भरलेले असले की गव्हर्नर कुठला का असेना, बारीकशा लॅपटॉपमध्ये शेवटचा शब्द हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या तुकड्याचा.

उनाड_टर्मिनल
हम्म. घाटमाथा म्हणतात तसं बघितलं, ड्रायव्हर पीस्टेटच निघाला. पण पूर्ण माघार घेणार नाही हां, घरी रेकॉर्डिंगसाठी डेस्कटॉप आहे, तिथे एक जरी खरखर आली तरी टेक वाया जातो, तिथे परफॉर्मन्सच राहणार. लॅपटॉपचं म्हणाल तर ईपीपी जरा बचतीकडे झुकवून बघतो.

घाटमाथा
रेकॉर्डिंगला काहीच हरकत नाही, वीज भिंतीतून येतेय, खुशाल लावा.

उनाड_टर्मिनल
अहो पण लॅपटॉपवर ईपीपीच्या फाइलमध्ये ‘बॅलन्स पॉवर’ लिहायला गेलो तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणतंय. रूटने करून बघितलं, रीबूट मारून बघितलं, तेच.

घाटमाथा
रीबूटनंतर परत परफॉर्मन्स लावणारी स्क्रिप्ट टाकून ठेवली असणार तुम्ही :) तो गव्हर्नर लावलेला असला की ड्रायव्हर ईपीपीला हात लावू देत नाही. आधी पॉवरसेव्ह करा, मग लिहा.