किडनीचा कॅन्सर मेंदूत: फक्त रेडिओसर्जरी, की पूर्ण डोक्याला रेडिएशन?

भिशीवाली
माझं मत ठाम आहे: मोजक्या गाठी असतील तर फक्त रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता नेमक्या गाठीवरच मोठ्या डोसचं रेडिएशन. मावशीला पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं होतं, 10 दिवसांत 30 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप). चाळीस बायकांच्या भिशीचा हिशेब तोंडपाठ असलेली बाई, चार महिन्यांनी वही समोर उघडी असूनही ‘या महिन्याचा नंबर कुणाचा?’ तीनदा विचारायची. आता काकांच्या मेंदूत तीन गाठी आहेत, मोठी 18 मिमीची. पुन्हा तेच करायचं?

खडूस
एका मावशीवरून नियम? कॅन्सर आणि औषधंही स्मरणशक्ती खातात.

भिशीवाली
मग 2016 ची अमेरिकेतली चाचणी घ्या. 1 ते 3 गाठींचे 213 रुग्ण. तीन महिन्यांत आकलनशक्ती घटली ती फक्त रेडिओसर्जरीवाल्यांपैकी सुमारे 64 टक्क्यांची, पूर्ण मेंदूचं रेडिएशनही घेतलेल्यांपैकी 92 टक्क्यांची. आयुष्य मात्र कुणाचंच वाढलं नाही.

खडूस
त्यात बहुतेक फुफ्फुसाच्या कॅन्सरवाले होते, हे सोयीस्करपणे गाळलंत. आणि मेंदूत दुसरीकडे नव्या गाठी? पूर्ण रेडिएशन घेतलेल्यांना त्या कमी झाल्या.

फिजिक्सवाला
रेडिएशन विभागात काम करतो. किडनीचा कॅन्सर रोजच्या छोट्या डोसला फारसा जुमानत नाही, म्हणून तर एकाच बैठकीतला मोठा डोस कामाचा. 2 सेंमीपर्यंतच्या गाठीला बहुधा 20 ते 24 ग्रे, गाठ मोठी असेल तर कमी. गॅमा नाइफ हे खास रेडिओसर्जरीचं मशीनच हवं असं नाही, लिनॅकवर, म्हणजे रेडिएशनच्या नेहमीच्या मशीनवरही होतं. फक्त या गाठी रक्ताळ असतात, रक्तस्राव होऊ शकतो. पुढे रेडिएशननं आतला भाग मरून सूजही येते, आणि एमआरआयवर ती गाठ वाढल्यासारखी दिसते. तेव्हा घरचे हबकतात.

खडूस
म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय हवाच ना? गडहिंग्लजहून पेशंटला गाडी करून कोण आणणार? दोन तपासण्या चुकल्या तर नवी गाठ थेट फिट आल्यावरच कळायची.

भिशीवाली
हा मुद्दा मान्य. चुलतभावाला आत्ताच विचारलं, म्हणाला पहिल्या दोन खेपा माझ्याकडे. तिसरीचं अजून कुणी बोललेलं नाही.