मळ्यातलं खोपटं आणि वाळवी

सचिन: राम राम मंडळी. औशाच्या रानात विहिरीला लागून खोपटं बांधायलोय. सिमेंट नाही, पत्रा नाही. बाभळीच्या मेढी, बांबू, तुराट्यांचे कुड अन् वर पाचट. दिवाळीला सगळे तिथंच या.

आत्या: बांध की बाबा. पण तिथलं वारूळ मोडायचं नाही बरं का. नागपंचमीला पूजा तिथंच असते आपली.

गजूदादा: वारूळ राहू द्या आत्या, ते मोडलं तरी वाळवी जमिनीखालून यायचीच. सच्या, मेढी पुरणार हायस का?

सचिन: दोन फूट. बुडाला डांबर अन् जळकं ऑइल लावून.

गजूदादा: डांबराला बारीक चीर पडली की तेवढी वाट वाळवीला लई झाली. कुंपणाचा खांब असता तर बदलला असता, छपराखालची मेढ कशी बदलशील? लाकूड मातीत घालूच नको. मुरूम लागेपर्यंत खोद, काळ्या दगडाचं जोतं दीड-दोन फूट वर काढ, त्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे घडीव दगड, अन् तळखड्यावर मेढ. जुन्या वाड्यात खांब असेच उभे हायत. वाळवीला उजेड अन् कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती दगडावरून मातीची नळी करत वर येते. नळी दिसली की खराट्यानं झाडून टाक. जोत्यानं वाळवी मरत नाही, नुसती दिसते. पण दिसली की अर्धं काम झालं.

पूजा: दादा, वळवाच्या वाऱ्यात छप्पर मेढीसकट उडंल की.

गजूदादा: म्हणून तळखड्याला भोक पाडून लोखंडी खुंटी बसवायची. अन् बाभळीचा बाहेरचा पांढरा भाग तासून काढायचा. वाळवी आधी तोच खाते, आतला काळपट गाभा टिकतो.

नानाकाका: दगडाचं निघालं म्हणून सांगतो. जोतं दगडाचं करा, भिंती नको. १९९३ साली विसर्जन करून लोकं झोपली अन् ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे झालं ते आम्ही पाहिलंय. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दरसाल माती टाकून टाकून थर दोन-दोन फुटांचे झालेले. ते अन् दगडमातीच्या भिंती, दोन्ही अंगावर आलं. जोत्याच्या वर सगळं हलकं पाहिजे. कुडच बरा.

आत्या: 🙏 अन् कुड शेणानं लिंपा. शेणाला वाळवी लागत नाही म्हणायची आई.

गजूदादा: आत्या, गोठ्यामागं गोवऱ्यांची रास हाय ना, त्यातली सगळ्यात खालची उचलून बघा. बुडाला ओलसर मातीचा थर, तो खरवडला की आत पांढरी वाळवी वळवळायलीय. शेण म्हणजे चघळलेला कडबाच की! लिंपा, पण खालच्या हातभर मातीत चुना घाला अन् भुसा टाकू नका.

आत्या: आईला सांगायला पाहिजे होतंस 😄

पूजा: बांबूचं मी बघते. त्याला वाळवीपेक्षा भुंग्याचा त्रास जास्त. पावसाळा सरल्यावर तोडलेलाच घ्यायचा, तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं. ३ किलो टाकणखार, २ किलो बोरिक पावडर, १०० लिटर पाणी. सळईनं आतल्या गाठी फोडून आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचा. पावसानं हे धुऊन जातं, म्हणून वळचण लांब काढा, अन् बांबू मातीला टेकवू नका.

सचिन: एवढा कुटाणा करण्यापेक्षा माणूस बोलावून पायात औषध ओततो.

पूजा: विहिरीला लागून?? वाळवीच्या औषधाचं द्रावण पायाच्या तळाला चौरस मीटरला ५ लिटर जिरवतात, आयएस ६३१३ या वाळवीबद्दलच्या भारतीय मानकात तसंच दिलंय. त्याच विहिरीचं पाणी पितो आपण. मी तर एक थेंब टाकू देणार नाही.

नानाकाका: पूजाचं बरोबर हाय. अन् तिथं काळी माती हाय, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. जोतं फुटंल. वरच्या माळावर बांध, वीतभर खाली मुरूम हाय.

आत्या: मग वारूळही सुटलं अन् विहीरही.

सचिन: माळावर सावली नाही नाना.

नानाकाका: लिंब हाय की एक. त्याच्या पूर्वेला बांध, दुपारनंतर सावली पडंल.

सचिन: बरं. तळखडे कुठं मिळतील?

गजूदादा: आपल्या पडक्या वाड्यात नऊ हायत, दोन फुटलेले. सहा मेढींना पुरतात. रविवारी ट्रॅक्टर कोण आणायलंय ते सांगा, मी पहार घेऊन येतो.