समुपदेशन कक्षाची किल्ली लिपिकाकडे कशासाठी?

केगावची वाट:
भाचीच्या प्रवेशासाठी गेल्या महिन्यात सोलापुरातील एका महाविद्यालयात गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही. जिन्याखाली ‘विद्यार्थी समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती, दाराला कुलूप होते आणि खिडकीतून जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दिसत होते. किल्ली कार्यालयातील लिपिकाकडे असते, कक्षाचा अतिरिक्त कार्यभार भूगोलाच्या सरांकडे आहे आणि ‘नॅकवाले (महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारे पथक) आले की खोली झाडतो’, असे शिपायाने निरागसपणे सांगितले.

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. हे डोळ्यांसमोर असताना भूगोलाच्या सरांवर ही जबाबदारी ढकलणे मला अक्षम्य वाटते. समुपदेशक पूर्णवेळ, पगारी आणि अध्यापनाशी संबंध नसलेलाच हवा.

तालुक्यातला मास्तर:
मी बावीस वर्षे अनुदानित महाविद्यालयात शिकवतो आणि आपले म्हणणे मला अर्धेच पटते. आमच्याकडे अध्यापकांच्याच जागा रिकाम्या असून निम्मा कारभार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालतो. समुपदेशकाचे पद मंजूर कोण करणार आणि पगार कोणत्या लेखाशीर्षातून काढणार?

दुसरे असे की आमची मुले अनोळखी माणसाच्या खोलीत जात नाहीत, ती व्हरांड्यात घुटमळतात. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी दोन आठवडे वर्गात आला नाही, भेटल्यावरही मान वर करेना. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली नव्हती, त्यामुळे शुल्क थकले होते आणि कार्यालयाने परीक्षेचा अर्ज अडवला होता. मी कार्यालयात जाऊन शुल्काचे हप्ते पाडून घेतले आणि तिसऱ्या दिवशी तो वर्गात बसला. त्याला समुपदेशकाकडे पाठवले असते, तर तेथे त्याचे काय झाले असते?

पूर्वभागवासी:
मास्तर, त्या मुलाचे नशीब की त्याला आपण भेटलात. माझा अनुभव निराळा आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आई विड्या वळते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मला झोप येईनाशी झाली, तेव्हा मोठ्या धीराने महाविद्यालयाच्या कक्षात गेले. मॅडमनी नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि ‘समस्येचे स्वरूप’ असे रकाने असलेली वही पुढे सरकवली. वरच्याच ओळीत माझ्या वर्गातील एका मुलीचे नाव होते आणि त्यापुढे ‘घरगुती’ असे लिहिलेले होते. मी ‘अभ्यास’ असे लिहिले आणि आल्या पावली परतले.

त्याच मॅडम आम्हाला अंतर्गत गुण देत होत्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता आरोग्यसेवा देणाऱ्यांवर बंधनकारक केली आहे. अतिरिक्त कार्यभारवाल्यांना ती शिकवतो कोण? शिवाय रडताना माणूस आपल्या भाषेत रडतो, त्यामुळे या शहरात तेलुगू आणि कन्नड समजणारे कोणीतरी त्या खुर्चीत असावे, ही मागणी काही चैनीची नव्हे.

स्पष्टवक्ता:
मुळात महाविद्यालयातच कक्ष कशाला हवा? १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालू आहे. मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. औषधोपचार लागलेच तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आहे ते वापरायचे नाही आणि नवी पदे मागायची, ही आपली जुनी खोड.

पूर्वभागवासी:
कॉट बेसिसच्या खोलीत चौघीजणी झोपतात. फोनवर बोलायचे कोठे, गच्चीवर की संडासात? शिवाय तो क्रमांक एकाही सूचना फलकावर मी पाहिलेला नाही. तो विद्यार्थ्यांच्या ओळखपत्राच्या मागे छापायला तरी पद मंजूर करावे लागत नाही ना?

केगावची वाट:
वेतनाचा प्रश्न खरा आहे, हे मान्य. पण आपले सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले, ही येथे सोयच आहे. विद्यापीठाने पाच-सहा समुपदेशक नेमून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला येथे ठरलेल्या वारी पाठवले, तर ते कोणाला गुण देणार नाहीत आणि त्यांची वही प्राचार्यांच्या टेबलावर जाणार नाही.

तालुक्यातला मास्तर:
वहीचा मुद्दा मला लागला; आमच्या कक्षातही तशीच वही आहे आणि तिचे रकाने मीच आखले आहेत. ती उद्या बंद करतो. मात्र फिरता समुपदेशक मंगळवारी येणार आणि मुलाची वाईट रात्र शुक्रवारी असणार, तेव्हा दार माझेच वाजेल. त्यासाठी आम्हा शिक्षकांना कोणती लक्षणे ओळखायची आणि कोठे थांबायचे, एवढे तरी नीट शिकवा. मागच्या वेळी ‘प्रशिक्षण’ म्हणून दीड तास चित्रफीत दाखवली आणि समोसे दिले.

मंगळवेढ्याची एसटी:
मी सध्या प्रथम वर्षात आहे, म्हणून एवढेच विचारते. माझे तास बारा वाजता संपतात आणि पासवर जाण्याची माझी गाडी साडेबाराची असते. तो मंगळवारचा समुपदेशक किती वाजता येऊन बसणार आहे?