ओहायो: ४५० डॉलरमध्ये .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी?

कोलंबसकर:
जवळच्या क्लबात ५० आणि १०० यार्डांची रेंज आहे. शिकार करायची नाही, फक्त कागदी टार्गेटवर नेम धरायचा. .२२ एलआर (लाँग रायफल काडतूस) आणि बोल्ट-अ‍ॅक्शनच (दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे मागचा खटका, ओढायची) हवी. बजेट स्कोपसकट ४५० डॉलर. सॅव्हेज मार्क टू, रुगर अमेरिकन रिमफायर आणि सीझेड ४५७ ही तीन नावं सारखी कानावर येतात. बायकोही वापरणार, तिची उंची पाच फूट एक इंच. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. मेहुणा एच-वन-बी व्हिसावर आहे, तोही रेंजवर यायचं म्हणतोय. काय घेऊ, काय टाळू?

रिमफायरकाका:
सीझेड आत्ता बाजूला ठेवा. तिघींत सरस तीच, यात वाद नाही. बोल्ट ६० अंशांतच उचलला जातो, त्यामुळे हात स्कोपला घासत नाही, आणि पुढेमागे नळीही बदलता येते. पण साधं ४५७ मॉडेल घेतलं तरी बजेट तिथेच संपेल. मग स्कोप कशातून घेणार आणि काडतुसं कशातून?

माझं मत सॅव्हेजच्या मार्क टू एफव्ही मॉडेलला. २१ इंची जाड नळी, काढता येणारं मॅगझिन आणि अ‍ॅक्युट्रिगर. या ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पातं असतं. ते न दाबता चाप कडेने ओढला तर चाप मागे जातो, गोळी मात्र सुटत नाही. नवखे लोक याला बिघाड समजून रायफल दुकानात परत नेतात. बोल्ट उचलून पुन्हा खाली बसवला की काम झालं.

हिची दोन दुखणी आहेत. पहिलं, प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला लवतो. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार दिला की तो नळीला टेकतो आणि ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) सरकतो. रायफल रिकामी करून, बायपॉडवर भार देऊन, नळी आणि दस्त्याच्या फटीतून कागदाची पट्टी मागपर्यंत सरकवून पाहा. अडली तर बायपॉड विसरा. वाळूची पिशवी घ्या आणि ती अगदी टोकाशी न ठेवता मॅगझिनच्या जरा पुढे ठेवा.

दुसरं दुखणं मॅगझिनचं. वरच्या पत्र्याच्या कडा किंचित वाकल्या तरी शिशाची गोळी चेंबरच्या काठाला घासत आत जाते. रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, एक काडतूस सावकाश आत घाला आणि न उडवता बाहेर काढा. गोळीच्या नाकावर ओरखडा किंवा टवका दिसला तर नवं मॅगझिन घ्या. पक्कड घेऊन पत्रा वाकवत बसू नका.

नेमका_नाशिककर:
काकांचं बाकी सगळं मान्य, पण दोघांत एकच रायफल असेल तर मी रुगर घेईन. कॉम्पॅक्ट मॉडेलची नळी १८ इंची आहे आणि दस्ताही आखूड. लांब दस्ता असला की कमी उंचीचा माणूस मान पुढे ताणतो, डोळा स्कोपच्या मधोमध येत नाही, आणि मग दोष बिचाऱ्या रायफलीला. शिवाय हिला रुगर १०/२२ चं गोल मॅगझिन चालतं, ते कुठल्याही दुकानात मिळतं. नळी बारीक आहे, त्यामुळे टेबलावरून मारताना एफव्हीइतकी ती स्थिर वाटणार नाही, एवढं मात्र खरं.

स्कोप ३-९ पॉवरचा पुरे, पण पॅरॅलॅक्स (ज्या अंतरावर डोळा हलला तरी नेम ढळत नाही ते) ५० यार्डांना लावलेला रिमफायरचाच, म्हणजे .२२ सारख्या रायफलींचाच, घ्या. मोठ्या रायफलींच्या स्कोपचं ते बहुधा १०० यार्डांना लावलेलं असतं, मग ५० यार्डांवर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर इकडेतिकडे पळते.

झिरो करताना (क्रॉसहेअर गोळी लागते तिथे जुळवताना) बोल्ट काढा, नळीतून २५ यार्डांवरचं टार्गेट पाहा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. मग ५० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप मारून त्याच्या मध्यावरून क्लिक (स्कोपच्या खुंटीचे टप्पे) मोजा, एकेका गोळीमागे धावू नका. पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप) क्लिक १०० यार्डांवर पाव इंच असतो. म्हणजे ५० वर एक इंच सरकायला ८ क्लिक लागतील, २५ वर १६. इथे भले भले गडबडतात.

सबसॉनिक:
मंडळी रायफलीवरच भांडतायत. ग्रुपमधला निम्मा फरक काडतुसांचा असतो.

सुपरसॉनिक (आवाजाहून वेगवान) स्वस्त काडतुसांचा बादलीभर डबा घेऊ नका. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ११२५ फूट. गोळी त्याहून जोरात निघाली की वाटेत कधीतरी त्या वेगाखाली येते, तिथे डगमगते, आणि १०० यार्डांवर ग्रुप फाकतो. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी हे काडतूस ४० ग्रेन वजनाची गोळी १०७० फुटांनी सोडते, तिला ही भानगड नाही. ५० यार्डांवर झिरो केलं तर १०० वर ती साधारण सहा-सात इंच खाली लागेल, त्याचा हिशेब ठेवा.

चार-पाच प्रकारची, प्रत्येकी ५० चं एकेक पाकीट आणा. त्यात एसके स्टँडर्ड प्लस असू द्या. प्रकार बदलला की पहिल्या १०-१५ गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. नंतर पाच-पाचचे निदान चार ग्रुप मारा. एखादा फक्कड ग्रुप चुकूनही पडतो, त्यावर भाळू नका. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ घेतलं ते ५० मीटरवर, याच .२२ एलआरवर. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. त्या पातळीवरची मंडळी आपल्या रायफलीला मानवणारा काडतुसांचा लॉट शोधून तोच साठवतात.

फॉर्म_४४७३:
मेहुण्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. 'रेंजवर दोन गोळ्या मारू दे' हेही त्यातच येतं, आणि रायफल हातात देणारा तुम्हीही अडकता. नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकार परवाना. शिकार करायची नसली तरी तो काढता येतो. मेहुण्यानं आधी तो काढावा, रेंजवर येताना सोबत ठेवावा. तोवर बघ्याची भूमिका.

तुम्हाला ग्रीन कार्डावर अडचण नाही. सध्याचा पत्ता असलेलं फोटो ओळखपत्र न्या. खरेदीच्या वेळी दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर ग्रीन कार्डावरचा ए-नंबर लागेल.

कोलंबसकर:
मेहुण्याला कळवलं, तोंड पडलंय. रुगर कॉम्पॅक्ट घ्यायचं ठरतंय. आणखी एक, .२२ ची काडतुसं अधूनमधून उडत नाहीत म्हणे?

रिमफायरकाका:
हो. बारूद पेटवणारा मसाला तळाच्या कडेत असतो, तो एखाद्या जागी कमी पसरलेला असतो. चाप ओढला आणि नुसती टक झाली तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. पिनची खूण ठसठशीत असेल तर दोष काडतुसाचा. खूण उथळ असेल तर बोल्टमध्ये साचलेलं तेल-काजळी साफ करा.

नेहमीच्या आवाजाऐवजी फुस्स झालं तर मात्र पुढची गोळी अजिबात मारू नका. बोल्ट काढा, मॅगझिन काढा, नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहा. दिसला नाही तर गोळी नळीतच अडकली आहे. रायफल क्लबातल्या जाणत्याकडे किंवा गनस्मिथकडे द्या.